स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची निवासी सेवा : कामाची पद्धत बदलायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली जिल्हा)

सप्रेम नमस्कार. आमच्या विश्वस्त संस्थेचा वृद्धाश्रम सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चालतो आणि मी तेथे व्यवस्थापिका आहे. पूर्वी आमच्याकडे चालते-फिरते, एकटे पडलेले ज्येष्ठ येत असत. अलीकडे मात्र स्मृतिभ्रंशाचे निदान झालेल्या, किंवा निदान न होताच घरच्यांनी अर्जात ‘वयोमानाने विसरतात’ एवढेच लिहिलेल्या व्यक्तींचे प्रमाण इतके वाढले आहे की, दुसरा मजला त्यांच्यासाठीच राखून ठेवावा लागला. सध्या तेथे १८ जण राहतात. दिवसपाळीला चार मावशी आणि एक मामा, रात्रपाळीला दोन मावशी आणि सकाळच्या वेळेपुरत्या एक सिस्टर, एवढेच आमचे मनुष्यबळ आहे. पाळ्या बारा तासांच्या असून सकाळी आणि संध्याकाळी सहाला बदलतात.

कामाची वाटणी अशी आहे की, एक मावशी सगळ्यांच्या आंघोळी उरकते, दुसरी कपडे आणि डायपर बघते, तिसरी भरवते आणि चौथी अंथरुणे व खोल्या आवरते. साडेआठच्या आत सर्वांची आंघोळ, नाश्ता आणि गोळ्या झाल्याच पाहिजेत, हा संस्थेचा जुना शिरस्ता. तो पाळला जातो, परंतु त्या दोन-अडीच तासांत मजल्यावर जो आरडाओरडा, ओरबाडणे आणि रडारड होते, ती ऐकून खालच्या मजल्यावरील आजोबांनी ‘वर मारझोड करतात काय?’ असे मला एकदा विचारले होते. दुपारी सगळे टीव्हीसमोर बसून असतात. संध्याकाळी साडेपाच-सहा वाजले की दारापाशी गर्दी होते; कोणाला घरी जायचे असते, कोणाची गुरे रानातून यायची वेळ झालेली असते, एका आजींना शाळेतून येणाऱ्या मुलाला घ्यायला जायचे असते. रात्री बऱ्याच जणांना झोपेच्या किंवा ‘शांत राहण्याच्या’ गोळ्या दिल्या जातात.

आता एका देणगीदाराने या मजल्यासाठी निधी देऊ केला आहे. विश्वस्तांनी नेदरलँड्समधील स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या गावाची चित्रफीत पाहिली असून मधल्या बोळाच्या भिंती जुन्या बाजारपेठेसारख्या रंगवाव्यात, एक खोटे दुकान आणि खोटा एसटी थांबा उभारावा आणि प्रत्येक खोलीत सीसीटीव्ही बसवावा, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र भिंतींवर पैसा घालण्याआधी कामाची पद्धतच बदलता येईल का, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्याइतक्या मनुष्यबळात, आणि मावश्या काही महिन्यांत सोडून जातात अशा परिस्थितीत, नेमके काय बदलावे? आपल्याकडच्या परिस्थितीत तपासून पाहिलेले असे काही आहे का? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : पंचगंगा (सध्या यॉर्कशायर, इंग्लंड)

नमस्कार ताई. मी मूळची कोल्हापूरची, आणि इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या निवासांत परिचारिका म्हणून काम करते. आपल्या वर्णनात मला एक गोष्ट ठळकपणे दिसली : आपल्याकडे कामे वाटून दिलेली आहेत, माणसे वाटून दिलेली नाहीत. ज्या आजींना एक बाई आंघोळ घालते, दुसरी कपडे घालते आणि तिसरी भरवते, त्यांच्या दृष्टीने तासाभरात तीन अनोळखी बायका अंगाला हात लावून गेलेल्या असतात. चेहरा ओळखण्याची शक्तीच ज्यांची क्षीण झाली आहे, त्यांनी अशा वेळी ओरबाडले तर तो आजार म्हणायचा की अनोळखी हाताला केलेला साधा प्रतिकार?

इकडे हा विचार रुजवण्यात ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवूड यांचा वाटा फार मोठा आहे. मेंदूची झीज हे खरे कारण असले तरी माणसाची होणारी घसरण केवळ त्या झिजेने ठरत नाही. घाई करणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, लहान मुलासारखे वागवणे, त्याला फसवणे या आजूबाजूच्यांच्या वागण्याने ती वाढते, असे त्यांनी मांडले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले, पण त्यांच्या गटाने घडवलेली एक निरीक्षणपद्धत आजही वापरली जाते. निरीक्षक दिवाणखान्यात काही तास नुसता बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक व्यक्ती काय करते आहे आणि तिची मनःस्थिती कशी दिसते, याची नोंद करतो. त्या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण असते हे खरे, तथापि आपण एका दुपारी वही घेऊन साध्या रीतीने हेच केलेत तरी पुष्कळ उलगडेल. किती जणांशी तासाभरात कोणी एक वाक्यही बोलले नाही, हे कागदावर उतरले की विश्वस्तांना वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही.

आता त्या नेदरलँड्समधील गावाविषयी. ॲमस्टरडॅमजवळच्या वेस्प येथील होगेवेक हे वसतिस्थान २००९ मध्ये या स्वरूपात सुरू झाले. चित्रफितींमध्ये त्याचा चौक, दुकान आणि उपाहारगृह दिसते, कारण कॅमेऱ्याला तेच आवडते. प्रत्यक्षात तेथील मूळ कल्पना लहान घरांची आहे. सहा-सात जणांचे एक घर, त्या घराचे स्वतंत्र स्वयंपाकघर, तेथेच रांधणारी, कपडे धुणारी आणि गप्पा मारणारी ठरलेली माणसे, आणि ज्याला जेव्हा जाग येईल तेव्हा त्याची सकाळ. तेथील दुकानही खरे आहे. घराला लागणारा शिधा तेथूनच आणला जातो. ज्या दुकानात काही मिळत नाही आणि ज्या थांब्यावर एसटी कधीच येत नाही, ते उभारून आपण काय साधणार? माझे मत स्पष्टच सांगते, हा खर्च करू नये. तेवढ्या पैशांत मजल्यावरच दोन-तीन शेगड्यांची छोटी पाकखोली होईल. फोडणीचा वास आला की जेवणाची वेळ झाली हे घड्याळ न समजणाऱ्यालाही समजते, आणि ज्या आजींना मुलाचे नाव आठवत नाही त्याही समोर ताट ठेवले तर मेथी निवडून देतात.

आपल्या १८ जणांचे सहा-सहाचे तीन गट करावेत. प्रत्येक गटाला दिवसाची एक मावशी कायमची द्यावी. आंघोळ, कपडे, नाश्ता, फिरवणे हे सर्व तिनेच करावे. चौथी मावशी आणि मामा तिन्ही गटांना लागेल तशी मदत करतील. माणसे तेवढीच, पगारही तेवढाच. फक्त साडेआठचा शिरस्ता सोडावा लागेल, आणि मला वाटते खरी अडचण तेथेच येणार आहे.

आंघोळीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यात अधिक झटापट तेथेच होते. अमेरिकेतील १५ शुश्रूषागृहांत झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्तीच्या सवयीप्रमाणे, तिचे अंग झाकलेले ठेवून, सावकाश आंघोळ घातली किंवा बिछान्यातच कोमट ओल्या टॉवेलांनी अंग पुसून काढले, तर आंघोळीच्या वेळची आक्रमकता निम्म्याहून अधिक कमी होते, असे त्यात दिसले. आपल्याकडे याचा अर्थ काय होईल, तो पाहा. ज्या बाईने सारा जन्म चौरंगावर बसून तांब्याने पाणी घेतले, तिच्या डोक्यावर एकदम शॉवर सोडला तर ती घाबरणारच. बादली, तांब्या, बसायला घट्ट स्टूल, अंगावर शेवटपर्यंत जुने लुगडे किंवा पंचा, आणि पहिला तांब्या पायांवर, डोक्यावर नव्हे. काहींना आंघोळ संध्याकाळी हवी असेल, काहींना एक दिवसाआड पुरेल. रोज नाहून कोणाचा आजार बरा होत नाही.

उत्तर : मनोविकारतज्ज्ञ (पुणे)

वरील सूचनांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु दोन बाबतींत भर घालणे आवश्यक वाटते. पहिली बाब औषधांची. ‘शांत राहण्याच्या’ गोळ्या म्हणून सामान्यतः रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन किंवा हॅलोपेरिडॉल यांपैकी काही दिले जाते. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटातील नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. ब्रिटनमध्ये २००९ साली प्राध्यापक सुभे बॅनर्जी यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात असा अंदाज होता की, तेथे अशी औषधे घेणाऱ्या सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंशग्रस्तांपैकी फार तर ३६,००० जणांना त्यांचा काही उपयोग होत असावा, आणि वर्षाला सुमारे १,८०० अधिकचे मृत्यू त्यांमुळे होत असावेत. ही औषधे कधीच देऊ नयेत, असा याचा अर्थ नाही. व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या स्थितीत असेल, किंवा भासांमुळे अतिशय त्रस्त असेल, तर कमी मात्रेत, थोड्या काळासाठी ती द्यावी लागतात. पण दर सहा आठवड्यांनी तरी ‘हे अजून हवे आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलसारखे औषध जिवावर बेतू शकते. क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, पडणे होते, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. चालू असलेली औषधे एकदम बंद मात्र करू नयेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असतात.

एखादी व्यक्ती दोन-चार दिवसांत अचानक बदलली, भांडू लागली किंवा उलट गुंगीत राहू लागली, तर तो स्मृतिभ्रंश वाढला असे समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, न सांगता येणारी वेदना, किडलेला दात, नव्याने सुरू झालेले औषध यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. सर्दीच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन, लघवी रोखण्याची काही औषधे यांनी संभ्रम वाढतो, हेही ध्यानात असावे. आपल्या सिस्टरांना ‘आज अमुक कालच्यापेक्षा वेगळे आहेत’ एवढी नोंद करण्याची सवय लावा. वरच्या उत्तरात सुचवलेली गटांची पद्धत मला या कारणासाठीच मोलाची वाटते. सहा जणांना रोज पाहणाऱ्या मावशीला हा फरक डॉक्टरांच्या आधी समजतो. मात्र एका गटाला एकच मावशी ठेवली तर तिच्या सुटीच्या दिवशी गोंधळ होईल. दर गटाला दोघींची जोडी असावी, आणि दुसरी चौथ्या मावशीप्रमाणे फिरती असली तरी तिची त्या गटाशी ओळख झालेली असावी.

दुसरी बाब संध्याकाळची. आपल्या पाळ्या संध्याकाळी सहाला बदलतात, आणि गडबडही साडेपाच-सहालाच सुरू होते. मला हा योगायोग वाटत नाही. चार बायका पिशव्या उचलून, चपला घालून ‘चला, निघते आता’ म्हणत जिन्याकडे जाताना दिसल्यावर, दारात उभ्या असलेल्या माणसालाही घरी जावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पाळी दुपारी दोनला बदलून पाहावी, किंवा निदान निरोप घेणे आणि हजेरीपुस्तक या गोष्टी मजल्याबाहेर ठेवाव्यात. पाचच्या आधीच दिवे लावावेत, पडदे ओढावेत, चहा आणि काहीतरी खायला द्यावे. मोतीबिंदू असलेल्यांना तिन्हीसांजेच्या सावल्यांत माणसे दिसतात. त्यांची शस्त्रक्रिया करून घेणे हाही स्मृतिभ्रंशाच्या सेवेचा भाग आहे.

कोणाला खुर्चीला किंवा खाटेला बांधून ठेवत असाल तर ते तातडीने थांबवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९७ मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे. तुमची संस्था त्या व्याख्येत बसते की नाही हे वकिलांना विचारा. परंतु समोर आलेला धोका टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तरच आणि मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीनेच असे बंधन घालावे, आणि केवळ माणसे अपुरी आहेत म्हणून ते घालू नये, हे त्या कलमातील तत्त्व कोणत्याही वृद्धाश्रमाने पाळण्यासारखे आहे. खोल्यांतील सीसीटीव्हीलाही माझा विरोध आहे. बोळात आणि जिन्यापाशी असू द्या. जेथे माणसाचे कपडे बदलले जातात तेथे नको.

उत्तर : मांडवीतीर (गोवा)

‘आपल्याकडच्या परिस्थितीत तपासून पाहिलेले काही आहे का?’ या आपल्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो. गोव्यात दोन तालुक्यांत झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी ती केली होती. तीत ८१ कुटुंबे होती आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटातील ४१ कुटुंबांकडे गृहसेवा सल्लागार सहा महिने, साधारण पंधरवड्याला एकदा तरी, जात असत. हे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. थोडक्या काळात प्रशिक्षण दिलेली, स्थानिक भाषा बोलणारी माणसे होती, आणि त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक व एक मनोविकारतज्ज्ञ होते. आजार म्हणजे काय, रुग्ण असे का वागतो आणि त्यावर काय करता येते, हे ते घरच्यांना समजावत, रोजच्या कामांत सल्ला देत, गरज असेल तेथे डॉक्टरांकडे पाठवत आणि सरकारी योजनांची माहिती देत. सहा महिन्यांनंतर सांभाळ करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि रुग्णाच्या वागण्याने त्यांना होणारा मनस्ताप, या दोन्हींत स्पष्ट सुधारणा दिसली. रुग्णांच्या लक्षणांत मात्र ठोस म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण अशा कामाविषयी अतिशयोक्ती फार लवकर होते. अभ्यास चालू असतानाच १८ रुग्ण दगावले. म्हणजे आपण सेवा ज्यांना देतो त्यांतील अनेक जण आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर असतात. गिळता येईनासे झाले की नळी घालायची का, रुग्णालयात हलवायचे का, हे कुटुंबाशी आधीच बोलून ठेवणे हा आपल्या कामाचा भाग असतो. या विषयावर आपल्याकडची संस्थाही बोलत नाही आणि नातेवाईकही बोलत नाहीत.

हा अभ्यास घरांत झालेला आहे, वृद्धाश्रमात नव्हे, असे आपण म्हणाल. माझा मुद्दा तोच आहे. भारतात साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून पुढे आला. त्यांच्यापैकी वृद्धाश्रमात पोहोचणारे अगदी मूठभर. आपल्या तालुक्यातल्या बाकीच्यांना सुना, लेकी आणि म्हाताऱ्या बायका सांभाळत आहेत. देणगीचा काही भाग आठवड्यातून तीन दिवसांच्या दुपारच्या केंद्रासाठी वापरला, आणि आपल्या अनुभवी मावश्यांपैकी एकीला घरोघर जाण्याचे काम दिले, तर संस्थेच्या दारात येणारी माणसे आजच्यापेक्षा बऱ्या अवस्थेत येतील. केरळ सरकारने २०१४ पासून ‘स्मृतिपथम्’ या नावाने जो उपक्रम चालवला आहे, त्यातही दिवसाची केंद्रे आणि पूर्णवेळ निवास या दोन्हींचा समावेश आहे.

मावश्या सोडून जाण्याविषयी एक निरीक्षण. पगार हे मोठे कारण आहेच आणि त्याला पर्याय नाही. परंतु आठवड्यातून एकदा, तासभर, कामाच्या वेळेतच सर्वांनी एकत्र बसून ‘या आठवड्यात कोणाचा त्रास झाला, कशाने झाला’ हे बोलायचे आणि ते ऐकायला व्यवस्थापिका व सिस्टर हजर असायच्या, एवढे ज्या ठिकाणी नियमित होते त्या ठिकाणी माणसे अधिक टिकताना मी पाहिली आहेत. ज्या बाईला दिवसभर शिव्या आणि चिमटे खावे लागतात, तिला ते कोणाला तरी सांगता आले पाहिजे.

उत्तर : गिरणाकाठची लेक

मी तज्ज्ञ नाही. माझी आई स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या वर्षांत घरापासून दूरच्या एका मोठ्या शहरात, अशाच एका संस्थेत होती, त्या नात्याने लिहिते. रहिवाशाच्या आधीच्या आयुष्याची माहिती लिहायचा ‘जीवनवृत्त’ नावाचा तक्ता त्या संस्थेत होता. आम्ही भावंडांनी तो बसून भरला, चांगला चार पाने भरला, आणि तो कार्यालयातल्या फाइलमध्ये गेला. आईला आंघोळ घालणाऱ्या मुलीने तो कधीही पाहिला नाही; ती दूरच्या राज्यातून आलेली होती आणि तिला मराठी वाचता येत नव्हते. शेवटी आईचे हिंदी तर गेलेच, प्रमाण मराठीही गेले. उरली ती फक्त अहिराणी. आम्ही भेटायला गेलो की ‘जेवन व्हयनं का माय?’ एवढे विचारल्यावर ती हसायची, एरवी दिवसभर गप्प. तेव्हा ताई, प्रत्येक रहिवाशाची लहानपणची बोली कोणती हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि पाण्याला, भुकेला, दुखण्याला, लघवीला त्या बोलीत काय म्हणतात हे मावशीला पाठ करायला लावा. तुमच्या भागात कानडी बोलणाऱ्या आजी असतीलच.

दुसरे, ‘माझी आई कुठे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवा. संस्थेत एक जण ‘तुमची आई कधीच गेली’ असे सांगे आणि माझी आई दर वेळी नव्याने रडे. दुसरी ‘येईल संध्याकाळी’ म्हणे, आणि मग आई संध्याकाळभर दाराकडे डोळे लावून बसे. एक मावशी मात्र म्हणायची, ‘आईची आठवण आली का? काय करून घालायची तुमची आई?’ आणि मग बोलणे कळण्याच्या भाकरीवर जायचे. तिला हे कोणी शिकवले नव्हते. बाकीच्यांना शिकवता येण्यासारखे ते निश्चित आहे.

टीव्हीऐवजी काय, यासाठी सुचवते : तुमच्या रहिवाशांपैकी जे शाळेत गेले आहेत त्यांना पावकी, निमकी, दिडकी येत असेल, जात्यावरच्या ओव्या आणि हरिपाठ न शिकलेल्यांनाही येतात. एकाने सुरुवात करून दिली की माझी आई, जिला माझे नाव आठवत नव्हते, ती अख्खा अभंग पुरा करी.

उत्तर : पंचगंगा

लेकीने सुचवलेल्याला इकडे शास्त्रीय आधारही आहे. सौम्य ते मध्यम अवस्थेतील लोकांसाठी गटात बसून गप्पा, शब्दखेळ, गाणी, जुन्या वस्तू हाताळणे अशा विषयवार सत्रांची एक पद्धत आहे. आठवड्याला दोन याप्रमाणे १४ सत्रे, प्रत्येक सुमारे पाऊण तासाचे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा आकलनशक्ती आणि जीवनमान या दोन्हींवर चांगला परिणाम दिसला, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस आहे. चेन्नईतील स्कार्फ या संस्थेच्या सहभागाने तिचे भारतीय रूपही तयार झाले आहे. चूक दाखवायची नाही आणि ‘ओळखा पाहू मी कोण?’ अशी परीक्षा घ्यायची नाही, हे तिचे पथ्य. नातेवाईक भेटायला आले की नेमके हेच विचारतात. त्यांनाही हे सांगावे लागते.

प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून मी विश्वस्तांच्या बैठकीत ठेवली. रंगकाम आणि खोटा थांबा तूर्त स्थगित झाले आहेत. पाकखोलीला तत्त्वतः मान्यता मिळाली असून अग्निशमनाच्या परवानगीचे पाहावे लागेल. सहा-सहाचे गट या महिन्यापासून करणार आहोत आणि पाळी दुपारी दोनला बदलण्यास मावश्याही तयार आहेत, कारण संध्याकाळी घरी पोहोचायला होणारा अंधार त्यांनाही नको होता. रात्री उतरणाऱ्या दोघींनी मात्र पहाटे दोनला जायचे कसे, हे अजून सुटलेले नाही. खोल्यांतील कॅमेऱ्यांवर एकमत झालेले नाही. घरोघर जाण्याची कल्पना विश्वस्तांना ‘आपले काम नव्हे’ अशी वाटली. मी ती पुन्हा मांडणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. रात्री दोघी मावशी १८ जणांना पाहतात आणि तीन-चार जण पहाटे तीनलाच उठून फिरू लागतात. गोळ्या कमी केल्या तर त्यांचे काय करावे? आणि दहा वाजता भेटायला आलेल्या मुलाला आई अजून पारोशी दिसली, तर तो तक्रार करणार, ही विश्वस्तांची भीतीही अगदीच निराधार नाही.

उत्तर : पंचगंगा

पाळीचे आधी सांगते. दिवसाच्या मावश्यांच्या दोन पाळ्या कराव्यात, सहा ते दोन आणि दोन ते नऊ, म्हणजे रात्रीच्या दोघींना नऊ ते सहा एवढेच उरेल आणि अपरात्री कोणाला जावे लागणार नाही. दुपारी दोनच्या सुमाराला तासभर दोन्ही पाळ्या एकत्र राहतील असे पाहा. मांडवीतीर यांनी सुचवलेली बैठक त्या तासात बसते. अर्थात आज बारा तास काम करणाऱ्या चौघी आणि मामा एवढ्यांत हे बसणार नाही. निदान दोन मावश्या वाढवाव्या लागतील, आणि रंगकामाचा वाचलेला पैसा तेथेच लावावा असे मी म्हणेन.

पहाटे उठणाऱ्यांना परत झोपवण्याचा आग्रह सोडून द्यावा. ज्यांनी जन्मभर धार काढायला किंवा भाकऱ्या थापायला पहाटे उठण्याची सवय लावून घेतली, ते आता सहापर्यंत झोपतील अशी अपेक्षा चुकीची आहे. दिवाणखान्यात मंद दिवा ठेवावा, एका मावशीने त्यांच्यासोबत बसावे, गरम दूध किंवा चहा आणि एखादा लाडू द्यावा. बरेच जण खुर्चीतच पुन्हा डुलक्या घेऊ लागतात. इकडे काही निवासांत रात्रीचे कर्मचारी गणवेशाऐवजी झोपेचे कपडे घालतात, म्हणजे उठलेल्या माणसाला अजून रात्र आहे हे पाहताच कळते. आपल्याकडे मावशीने खांद्यावर शाल आणि साधे घरचे लुगडे घेतले तरी पुरे. ठरावीक तासांनी सगळ्यांना उठवून डायपर तपासण्याची पद्धत असेल तर तीही बदला. ज्याच्या त्वचेला धोका आहे किंवा जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्यासाठी वेळ पाळावीच लागते, इतरांना झोपू द्यावे. संडासाचा दिवा रात्रभर चालू आणि दार उघडे ठेवले, तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

नातेवाईकांना हे सर्व प्रवेशाच्या वेळीच, लेखी द्यावे. ‘आंघोळ रहिवाशाच्या सवयीनुसार, ठरावीक वेळेला नाही’ असे नियमपत्रात लिहिलेले असले की तक्रारीला उत्तर देणे मावशीवर येत नाही. पाळी बदलताना भरायची वहीही बदलावी. आता तिच्यात ‘आंघोळ झाली, जेवण झाले, शौच झाले’ एवढेच असेल. त्याखाली प्रत्येकासाठी एक ओळ ठेवा : आज कशाने बरे वाटले आणि कशाने बिथरले. ज्या मावशीला लिहिता येत नाही तिने सांगावे आणि दुसरीने लिहावे. ही वही कार्यालयात नेऊ नका; पाकखोली झाली की तेथेच, खिळ्याला अडकवून ठेवा.